तेरा सालची नाचणी

१

चिमाजी जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि त्याने आपली चार एकर जमीन शिवऱ्याच्या सोमनाथला कसायला दिल्याचं मला त्या मंगळवारी कळलं. सांगायला त्याची बायकोच आली होती. तिलाही ते आदल्या आठवड्यातच कळलं होतं, तहसीलदारांच्या नोटिशीतून.

भोरच्या तहसील कचेरीसमोर, झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीला लागून माझं टेबल आहे. सोळा वर्षं मी तिथं बसून लोकांचे अर्ज लिहिते. वारसनोंद, निराधार, बांधाचं भांडण, रानडुकरांनी केलेली नासाडी, काय वाटेल ते. प्रत्येक अर्जाची एक झेरॉक्स मी ठेवते आणि वहीत तारीख, नाव, गाव, गट नंबर टिपते. लोक मला साधनाताई म्हणतात, कचेरीतले शिपाई पाठीमागे वकिलीणबाई म्हणतात. मी वकील नाही. पण खोटा कागद समोर आला की माझं डोकं फिरतं, आणि एकदा फिरलं की लवकर ठिकाणावर येत नाही.

भामाबाई हिर्डोशीच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीतून चालत खाली उतरून, एसटी धरून आली होती. बरोबर तिचा धाकटा भाऊ बाजी होता. बाजी वेल्ह्याकडच्या डोंगरातला शेतकरी. बहिणीच्या नडीअडीला हजर असणारा माणूस म्हणून मी त्याला ओळखत होते. तिच्याच ओळखीने तो स्वतःचे अर्जही माझ्याकडून लिहून घ्यायचा. त्याने बहिणीला बसायला स्टूल दिलं आणि पिशवीतून नोटीस काढली.

सोमनाथचं म्हणणं असं होतं: ओढ्यापल्याडचा चार एकर उतार २०१३ पासून तो कसतो आहे, सबब वहिवाटदार म्हणून त्याची नोंद व्हावी. पुरावा म्हणून एका संमतीपत्राची नक्कल जोडली होती. डिसेंबर २०२०, साधा कागद, टाईप केलेला मजकूर. चिमाजी म्हणतो की जमीन मी सोमनाथला दिली आहे आणि त्याने खालीलप्रमाणे पिकं घेतली आहेत. २०१३ नाचणी, २०१४ वरई, २०१५ कारळा. पुढची तीन वर्षं पड. २०१९ पुन्हा नाचणी, २०२० वरई. खाली चिमाजीचा अंगठा. साक्षीदार दोघं, दोघंही सोमनाथच्या हॉटेलात कामाला.

"सोमवारी तारीख हाय," भामाबाई म्हणाली. "त्या उतारावरनं धरनाचं पानी दिसतं. म्हनून त्याला पायजे. बंगलं बांधनार हायेत म्हनं शहरातली मानसं. माज्याकडं तेवढंच हाय, बाई. त्यो गेला तर शेरडं कुठं चारू आन खाऊ काय?"

"त्यो एक एकर सोडाय तयार हाय," बाजी हळूच म्हणाला. "मी आक्काला म्हनतो, घ्यावं आन मिटवावं. कचेरीत पायताणं झिजवायचं आपलं वय ऱ्हायलंय का?"

"तू गप बस. माजी जमीन मला एक एकर देनारा त्यो कोन?"

मला ती बाई त्या क्षणी फार आवडली. मी आतलं लोखंडी कपाट उघडलं आणि २०१८ सालचा चिमाजीचा निराधारचा अर्ज काढला. त्यावर त्याचा अंगठा होता. तरुणपणी विळा लागून त्याच्या डाव्या अंगठ्यावर एक तिरपी रेघ कायमची राहिली होती, आणि ठसा घेतला की ती पांढरी उमटायची. खोटा अंगठा असता तर प्रकरण अर्ध्या तासात निकालात निघालं असतं. मी भिंग धरून दोन्ही कागद शेजारी ठेवले.

रेघ तिथंच होती, तेवढीच, तशीच तिरपी. मजकूर कुणाचाही असो, अंगठा चिमाजीचाच होता.

२

दुसऱ्या दिवशी मी शिवऱ्याला गेले. हायवेला लागून सोमनाथचं हॉटेल आहे, बाहेर ट्रकांची रांग आणि आत गार हवा. चाळिशीचा, गोड बोलणारा माणूस. त्याने मला न विचारता ताक मागवलं.

"ताई, तुम्ही कशाला एवढ्या लांब आलात? फोन करायचा."

"फोनवर शेत दिसत नाही. बारा वर्षं उतार कसताय म्हणे तुम्ही. कसता कसा?"

"म्हणजे?"

"म्हणजे नाचणी कशी लावता?"

"लावतात तशीच. पाऊस झाला की ट्रॅक्टर घालायचा, पेरायची." तो हसला. "मी काय स्वतः जातो का तिथं? माणसं आहेत."

मी तो उतार पाहिलेला होता. तिथं शेरडू सुद्धा तिरकं चालतं. ट्रॅक्टर नेला असता तर तो थेट धरणात सापडला असता. मी ताक प्यायले.

"आणि तीन वर्षं पड का ठेवली?"

"पड?" त्याने खिशातून आपली नक्कल काढून पाहिली. "हां, ठेवली असेल. आबांनी सांगितलं तसं लिहिलंय ते. आता आबा नाहीत, त्यांना कसं विचारणार?"

"सोयीचे आहेत आबा."

त्याचा चेहरा जरा बदलला. "ताई, म्हातारीला समजवा. एक एकर देतोय मी. परवा सकाळी अंगणात बसून ती म्हणाली ना, की चितेवर ठेवलं तरी सही देणार नाही म्हणून? अशानं माणूस चितेपर्यंतच जातो."

मी उठले. बसस्टॉपवर उभी राहून भामाबाईला मोबाईल लावला, आणि ती तसं खरंच म्हणाली होती का ते विचारलं.

"म्हनले की. सोमवारी सकाळी. पर त्याला कसं कळलं?"

"अंगणात कोण कोण होतं?"

"तिगंच. सावळारामभावजी, ज्ञानूनाना आन माजा बाजी."

म्हणजे घरभेदी त्या तिघांत होता.

३

गुरुवारी मी वाडीवर गेले. एसटी खालीच सोडते, पुढं तासभर चढ. माझ्या गुडघ्यांनी वाटेत जे काही सुनावलं ते इथं लिहीत नाही.

पहिला गाठला सावळाराम. हा चिमाजीचा चुलतभाऊ, म्हणजे भामाबाईचा दीर. एका बांधापायी दोन्ही घरांत तीस वर्षं बोलणं नव्हतं. नोटीस आल्यावर भावकी म्हणून सोमवारी तो पहिल्यांदा तिच्या अंगणात येऊन बसला होता, तेही उंबऱ्याकडे पाठ करून. गावात कुणालाही विचारलं असतं तर त्याने याच्याकडेच बोट दाखवलं असतं.

"चिमाजीचं आन माजं वैर व्हतं," तो गुरांना पाणी दाखवत म्हणाला. "लपवायचं काय त्यात? बांध माजा हाय, आजबी म्हनतो. पर त्यो बांध आमचा आमी भांडू. शिवऱ्याचं कोन मधी आलं तर तंगडं मोडीन."

"२०१९ साली ओढ्यापल्याड नाचणी होती म्हणतो सोमनाथ."

त्याने बादली खाली ठेवली. "एकोणीस साली? बाई, तुमी काय येड्या का काय? एकोणीस साली श्रावनात माजी गाभन म्हस तितं चरताना घसरून मेली. समदी वाडी धावली व्हती. अर्ज तुमीच लिवलाय की."

मी लिहिला असेल, सोळा वर्षांत हजारो लिहिले. मी वहीत बघेन म्हणाले आणि ज्ञानूनानांकडे गेले.

ज्ञानूनाना निवृत्त कोतवाल. वाडीतल्या कुणाचंही सरकारी काम यांच्या हातून जायचं. चिमाजीला अंगठ्यासाठी कचेरीत किंवा बँकेत न्यायचं ते याच माणसाने. एखादा कोरा कागद मध्ये सरकवायला याच्याइतकी संधी कुणालाच नव्हती, आणि मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं.

नाना रागावले नाहीत. "संधी व्हती," ते म्हणाले. "आणा कागद इकडं."

त्यांनी चष्मा लावून यादी वाचली. एकदा वाचली, मग बोटावर काही मोजलं, आणि पोट धरून हसायला लागले. मला राग आला. एका बाईची जमीन जायची वेळ आली आणि यांना हसू सुचतं.

"ताई, तुमी खालच्या. तुमाला म्हाईत नसंल," ते डोळे पुसत म्हणाले. "आमचा उतार लई हलका. पयल्या साली नाचणी, दुसऱ्या साली वरई, तिसऱ्या साली कारळा, आन मग तीन वर्सं काय बी घ्यायचं न्हाई. ह्या यादीत ते बराबर हाय. पर आमी एकेकटं करत न्हाई. समदी वाडी एकदम करती. तीन वर्सं ओढ्याअल्याड पिकं, तवा पल्याड गुरं मोकळी. मग तीन वर्सं पल्याड पिकं आन अल्याड गुरं. न्हाईतर गुरं राखनार कोन?"

"मग?"

"मग मोजा. बारा साली अल्याड नाचणी लावली. पंधरा साली पल्याड. अठरा साली परत अल्याड. एकवीस साली पल्याड. ह्यो कागद म्हनतो तेरा साली नाचणी आन एकोणीस साली नाचणी." त्यांनी चष्मा काढला. "त्या दोन सालांत ह्या वाडीत, ओढ्याच्या हिकडं का तिकडं, कुनाच्याच उतारावर नाचणी नव्हती."

४

शुक्रवारी दिवसभर मी टेबल लावलं नाही. जुन्या वह्या घेऊन घरी बसले. माणसांची आठवण चुकते, मुद्दाम चुकवतातही, म्हणून मी तोंडी काही धरत नाही.

सप्टेंबर २०१९: सावळाराम, म्हैस चरताना घसरून मृत, गट नंबर चिमाजीचाच. म्हणजे त्या साली तिथं गुरं होती, पीक नव्हतं. ऑक्टोबर २०१६: चिमाजी, ओढ्यापल्याडची वरई रानडुकरांनी तुडवली. संमतीपत्र म्हणतं की २०१६ ला तो उतार पड होता. जो माणूस ऑक्टोबर सोळात डुकरांविरुद्ध अर्ज देतो, तोच वीस साली म्हणतो की सोळाला तिथं काही नव्हतंच. नानांचा हिशेब वर्षावर्षाला जुळत होता.

यादी खोटी होती, हे आता पक्कं झालं. पण माझं तेवढ्यावर भागत नव्हतं. कारण ती यादी खोटी असली तरी अडाण्याची नव्हती. नाचणी, मग वरई, मग कारळा, मग तीन वर्षं विसावा. सोमनाथला हे सात जन्मात सुचलं नसतं. त्याला तर जमीन पड का ठेवतात हेही माहीत नव्हतं. हायवेवरच्या माणसाने आपल्या डोक्याने लिहिलं असतं तर आठही वर्षं नाचणीच नाचणी लिहिली असती. त्याला कुणीतरी डोंगरातल्या माणसाने सांगितलं होतं.

मग त्या माणसाने वर्षं चुकीची का सांगितली? सावळाराम किंवा नाना असते तर चुकले नसते. ही वर्षं त्यांच्या हाडात मुरलेली आहेत; ते म्हशीचं मरण आणि पोरीचं लग्न त्यावरूनच मोजतात. खोटं लिहायचं झालं तरी पिकांची सालं त्यांनी खरीच सांगितली असती, कारण तसा कागद कुणाला खोडता आला नसता.

म्हणजे सांगणारा डोंगरातला होता, पण या वाडीतला नव्हता. कुणीतरी विचारलं, उतारावर कोणत्या साली काय असतं, आणि त्याने न थांबता सांगून टाकलं. त्याच्या मनात आपलाच उतार होता. दुसऱ्या वाडीची सालं वेगळी असतील हे त्याच्या ध्यानातही आलं नाही, कारण जन्मभर त्याने एकाच उतारावर सालं मोजली होती.

मी वेल्ह्याकडचे अर्ज शोधायला घेतले. मला ते शोधायची इच्छा नव्हती हेही सांगून टाकते. ऑक्टोबर २०१९, वेल्हे तालुका, उतारावरची नाचणी रानडुकरांनी खाल्ली. मागे गेले. ऑक्टोबर २०१३, तोच अर्जदार, तोच उतार, नाचणीच. मधल्या २०१५ ला त्याच माणसाचा आणखी एक अर्ज, कारळा पावसात कुजल्याचा.

तिन्ही अर्जांवर एकच नाव होतं, आणि ते नाव सोमवारी सकाळी अंगणात बसलेल्या तिघांपैकी एकाचं होतं. भामाबाईच्या सख्ख्या भावाचं.

५

शनिवारी मी तिला एकटीला बोलावून घेतलं. चहा मागवला, तो तिने घेतला नाही. मी तिन्ही अर्ज वाचून दाखवले आणि यादीशेजारी ठेवले. वाचता येत नसलं तरी हिशेब तिला कळत होता. तिने बोटावर सालं मोजली, दोनदा मोजली.

"तेरा साली भाऊबीजेला गेले व्हते म्या," ती म्हणाली. "वैनीनं नाचणीची भाकर केली व्हती. नव्या नाचणीची."

तिने तिन्ही अर्ज एकावर एक लावून माझ्याकडे सरकवले.

"भामाबाई, एक राहिलं," मी शेवटी म्हणाले. "यादी खोटी हे आपण दाखवू. पण अंगठा खरा आहे. तो कसा आला हे सांगता आलं नाही, तर सोमनाथ म्हणेल, म्हातारा सालं चुकला, बाकी कागद खराच. अंगठ्याचं उत्तर द्यावंच लागेल."

"उत्तर हाय," ती म्हणाली. "वीस सालची भाऊबीज. बाजीनं लुगडं घेतलं मला. जेवनं झाल्यावर म्हनला, आक्का, बापाच्या जमिनीवरचा हक्क सोड, समद्याच भैनी सोडत्यात. म्या म्हनलं, दिला. त्यानं कागद आनला, म्या अंगठा केला. मग मालकांपुढं दुसरा कागद ठिवला. म्हनला, दाजी, बायकू हक्क सोडती तर नवऱ्याची संमती लागती, हितं अंगठा द्या. कोरा व्हता. म्या इचारलं, कोरा का? म्हनला, तलाठी भरंल."

"नवऱ्याची संमती कधीच लागत नाही."

"आता कळलं." तिने पदर खोचला. "सोमनाथानं बाजीच्या पोराला, पप्पूला, हायवेला गाळा दिलाय दोन वर्सांमागं. म्या पेढं वाटलं व्हतं वाडीत."

मी तिला स्पष्ट सांगितलं. हे सगळं सोमवारी कचेरीत सर्वांसमोर म्हणावं लागेल, जबाबात भावाचं नाव येईल, आणि खोट्या कागदाची चौकशी पोलिसात जाईल. माहेरचा उंबरा मग तिला राहणार नाही. ती नको म्हणाली असती तर मी तिला एका शब्दाने बोलले नसते, पण घरी जाऊन रडले असते.

"वकील करायचा का?" मी विचारलं.

"कशाला? मला त्वांड हाय की."

६

तहसीलदार मॅडम नव्या होत्या, चेहऱ्यावरून काही कळू न देणाऱ्या. एका बाजूला सोमनाथ आणि त्याचा वकील. दुसऱ्या बाजूला भामाबाई, शेजारी मी. मागच्या बाकावर बाजी, बहिणीबरोबर आलेला, नेहमीसारखी पिशवी मांडीवर घेऊन. दार उघडलं आणि ज्ञानूनाना आत आले. त्यांच्यामागून सावळाराम. तीस वर्षं न बोललेला दीर येऊन भामाबाईच्या मागे उभा राहिला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागला.

"तुमचे वकील?" मॅडमनी विचारलं.

"न्हाईत. मीच इचारते, चालंल का?"

वकिलाने हरकत घेतली. मॅडम म्हणाल्या, तिची जमीन आहे, विचारू दे.

भामाबाई उठली. "सोमनाथा, तेरा साली नाचणी लावलीस. राब कुठं भाजला?"

सोमनाथ वकिलाकडे बघायला लागला. वकीलही पुण्याचा, त्याला काय कळणार.

"मॅडम," मी म्हणाले, "उतारावरची नाचणी थेट पेरत नाहीत. आधी पालापाचोळा जाळून जमीन भाजायची, त्यात रोप करायचं, मग लावायचं. त्या भाजण्याला राब म्हणतात."

"आमची माणसं करतात ते," सोमनाथ म्हणाला. "मला तपशील माहीत नाही."

"मानसांची नावं सांग."

सोमनाथने समोरचे कागद चाळले. भामाबाईने घाई केली नाही. "बरं. एकोणीस साली तितं नाचणी व्हती, तर ह्यांची म्हस तितं कशी चरत व्हती?"

सावळाराम घड्याळ सोडून पहिल्यांदा बोलला. "माजी म्हस तितं मेली, मॅडम. चिमाजी माजा वैरी व्हता. वैऱ्याच्या बायकूसाठी मी खोटं बोलायला येईन का?"

मी दोन्ही झेरॉक्स पुढं केल्या, म्हशीचा अर्ज आणि सोळा सालच्या वरईचा. मूळ अर्ज संबंधित कचेऱ्यांच्या दप्तरात आहेत, मागवून घ्या म्हणून सांगितलं. नानांनी वाडीची सालं सांगितली. मॅडमनी कागदावर दोन रकाने आखून ती स्वतः लिहिली, आणि संमतीपत्राची यादी तिसऱ्या रकान्यात उतरवली. तिन्ही रकाने बघताना त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"सोमनाथ, ही वर्षं तुम्हाला कुणी सांगितली?"

"चिमाजीआबांनी."

"ते तिथं राहत होते. ते आठांतली सात वर्षं चुकतील?"

"म्हातारं माणूस, मॅडम. सालं कशी आठवणार? पण अंगठा बघा ना. अंगठा तर खरा आहे."

हाच क्षण येणार हे आम्हाला माहीत होतं. भामाबाई वळली. तिने मागच्या बाकाकडे पाहिलं. बाजीने पिशवी घट्ट धरली होती.

"बाजी, हुबा ऱ्हा."

तो उभा राहिला. लहानपणी ती त्याला तशी हाक मारत असेल, तसाच उभा राहिला.

"तुज्या उतारावर तेरा साली काय व्हतं?"

बाजी दाराकडे बघायला लागला.

"म्या सांगते. नाचणी. चौदाला वरई. पंधराला कारळा, पावसात कुजला. एकोणीसला नाचणी, डुकरांनी खाल्ली. ह्या बाईकडं तुजं अर्ज हायेत. माज्या उताराची सालं तू ह्याला दिलीस, पर ती तुजी व्हती, बाजी. चाळीस वर्सं तू माज्या घरी येतोस, आन माज्या रानात कवा काय पिकतं ते एकदा बी इचारलं न्हाईस."

मग तिने भाऊबीज सांगितली. लुगडं, जेवण, कोरा कागद, नवऱ्याची संमती. जबाब लिहून घेणाऱ्या कारकुनाला अडलेले शब्द मी सांगत होते.

बाजी बाकावर बसला. "आक्का, पोराचं आयुष्य व्हतं गं," तो म्हणाला. "त्यो म्हनला, तुजं काय जानार न्हाई, म्हातारीला एक एकर ठिवतो. म्या त्याच्याकडनं तेवढं कबूल करून घेतलं व्हतं. तुज्यासाठीच."

सोमनाथ ताडकन उठला. "हा माणूस कोण, मी ओळखत नाही." त्याच्या वकिलाने त्याचा हात धरून खाली बसवलं, पण उशीर झाला होता. पप्पूच्या गाळ्याचा करारनामा सोमनाथच्याच सहीचा होता, आणि नानांनी त्याची झेरॉक्स आदल्या दिवशी शिवऱ्याहून काढून आणली होती. कोतवाल निवृत्त होतो, पण सवय जात नाही.

मॅडमनी अर्ज तिथंच फेटाळला. संमतीपत्र बनावट दिसतं, पुढील कारवाईसाठी पोलिसांकडे पाठवावं, असं त्या सांगू लागल्या आणि मध्येच थांबल्या.

"आजी, कोरा कागद घेणाऱ्याचं नाव जबाबात ठेवायचं ना? तो तुमचा भाऊ आहे. नीट विचार करा."

नाना खाली बघत होते. बाजीने दोन्ही हात जोडले होते.

"लिवा," भामाबाई म्हणाली. "पुरं नाव लिवा. बापाचं बी लिवा, म्हंजी दुसऱ्या कुना बाजीवर जायाचं न्हाई."

७

बाहेर माझ्या टेबलापाशी ती स्टुलावर बसली. सावळाराम लांब उभा राहून तंबाखू मळत होता. तो तिला सोबत घेऊन एसटीने जाणार होता, अर्थात न बोलता. बाजी पायऱ्या उतरून आमच्यासमोर आला. डोळे लाल होते.

"झालं समाधान?" तो म्हणाला. "आता माहेर तुटलं तुजं, आक्का. परत यायचं न्हाई त्या दारात. बापाच्या घराचं नाव काढायचं न्हाई."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. राग मला दिसला, आणि त्याहून जास्त काहीतरी दिसलं, ते मी इथं लिहिणार नाही. ते तिचं आहे. मग ती माझ्याकडे वळली.

"बाई, त्यो हक्कसोड घरात बसून केला व्हता. सरकारी हापिसात आमी गेलोच न्हाई. त्यो चालतो का?"

मी दोन दिवसांपूर्वीच वेल्ह्याचा सातबारा काढून बघितला होता. वडिलांच्या नावाखाली वारस म्हणून दोन नावं होती, बाजीचं आणि तिचं. बहिणीचा अंगठा मिळाला म्हणजे काम झालं असं समजून बाजीने तो कागद कधी नोंदवलाच नव्हता.

"नोंदणी झाल्याशिवाय हक्कसोड म्हणजे रद्दी," मी म्हणाले. "अर्धी जमीन आजही तुमची आहे."

बाजी टेबलापाशी आला. "आक्का," तो म्हणाला, "तू दिली व्हतीस. तोंडानं दिली व्हतीस."

"भावाला दिली व्हती," ती म्हणाली, आणि स्टूल ओढून टेबलाजवळ घेतलं. "लिवा, बाई. मला माजी वाटनी पायजे."

मी नवा कागद घेतला. गट नंबर तिने तोंडपाठ सांगितला.